सिएटल मरीनर्स २००१ : ११६ विजयांचा हिशोब

६ ऑक्टोबर २००१. सिएटलच्या सेफको फील्डवर ब्रेट बूनने पहिल्याच डावात चेंडू कुंपणापार घालवला. त्या एकुलत्या एक धावेवर सिएटल मरीनर्सनी टेक्सास रेंजर्सना १-० असं हरवलं आणि मोसमातला ११६वा विजय नोंदवला. मेजर लीग बेसबॉलमध्ये एका मोसमात इतके सामने त्याआधी एकाच संघाने जिंकले होते, शिकागो कब्जने, १९०६ साली. दुसऱ्या दिवशी आणखी एक सामना जिंकला असता तर विक्रम एकट्या सिएटलचा झाला असता. तो सामना ते ३-४ असा हरले.

त्यानंतर पंधरा दिवसांत त्यांचा मोसमच आटोपला. वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकणं राहिलं बाजूला, ते तिथवर पोहोचलेही नाहीत.

मी लहानपणापासून क्रिकेटच्या सरासऱ्यांवर वाढलेला माणूस. बेसबॉलचा तक्ता समोर आला की सुरुवातीला सगळंच उलटं वाटतं. ०.३०० सरासरीचा बॅटर इथे नामांकित समजला जातो, म्हणजे दहातल्या सात वेळा अपयशी होणारा. संघांचंही तसंच. मोसमात १६२ सामने, आणि बऱ्यापैकी दणकट संघसुद्धा त्यातले साठ-पासष्ट हरतो. सिएटल हरलं फक्त ४६. त्याच गटात दुसऱ्या आलेल्या ओकलंडने १०२ सामने जिंकले. एरवी एवढ्यात गट खिशात असतो. ते चौदा सामने मागे राहिले.

या संघाची गोष्ट सहसा जपानहून आलेल्या इचिरोपासून सुरू करून इचिरोपाशीच संपवतात. तक्ता नीट वाचला तर ती तशी दिसत नाही.

तीन गेले, त्यांच्या बदल्यात काय आलं

१९९०च्या दशकात सिएटलकडे रँडी जॉन्सन, केन ग्रिफी ज्युनिअर आणि अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ होते. एकाच संघात असे तिघं असणं म्हणजे चैनच. पण जुलै १९९८मध्ये जॉन्सनला ह्यूस्टनला देऊन टाकलं, फेब्रुवारी २०००मध्ये ग्रिफी सिनसिनाटीला गेला, आणि त्या मोसमानंतर रॉड्रिगेझ करारातून मोकळा होऊन टेक्सासला गेला. त्याचा करार दहा वर्षांचा होता, २५ कोटी २० लाख डॉलरचा. खेळांच्या दुनियेत तेव्हा असा आकडा कुणी ऐकला नव्हता. तीन वर्षांत तीन खांब गेलेला संघ पुढच्या वर्षी ११६ सामने जिंकेल असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

मात्र पहिल्या दोघांना सोडताना सिएटल हात हलवत परत आलं नव्हतं. जॉन्सनच्या बदल्यात फ्रेडी गार्सिया, कार्लोस गियेन आणि जॉन हलामा आले. २००१मध्ये गार्सिया संघाचा पहिल्या क्रमांकाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता आणि गियेन शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक), म्हणजे रॉड्रिगेझच्याच जागेवर. ग्रिफीच्या बदल्यात जे आले त्यांत माइक कॅमेरॉन होता. सेंटर फील्डमध्ये ग्रिफीच्या जागी उभं राहणं ही शिक्षाच म्हणायची, पण कॅमेरॉनने त्या मोसमात २५ होम रन (कुंपणापार जाणारे फटके) मारले, ११० धावा आत आणल्या, ३४ बेस चोरले (फटक्याची वाट न बघता पळून पुढचा थांबा गाठला) आणि क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह पटकावला.

रॉड्रिगेझच्या बदल्यात कुणी खेळाडू मिळाला नाही. मिळाली ती पैशांची मोकळीक. ती जनरल मॅनेजर पॅट गिलिक यांनी कशी वापरली हे या प्रकरणात मला सगळ्यात बघण्यासारखं वाटतं, कारण त्यांनी दुसरा रॉड्रिगेझ शोधलाच नाही. जपानमधल्या ओरिक्स ब्ल्यूवेव्हला सुमारे १ कोटी ३१ लाख डॉलर मोजून इचिरो सुझुकीशी बोलणी करायचा हक्क घेतला. आधीच्या वर्षी सॅन दिएगोसाठी ०.२५१ सरासरी आणि १९ होम रन अशी बेताची कामगिरी केलेल्या ब्रेट बूनला एका वर्षाच्या करारावर आणलं. जेफ नेल्सन या जुन्या मरीनरला न्यू यॉर्क यँकीजकडून परत आणून राखीव पिचरांची फळी पक्की केली.

बूनने काय केलं? ०.३३१ सरासरी, ३७ होम रन, १४१ आरबीआय, म्हणजे त्याच्या बॅटमुळे १४१ धावा आत आल्या. अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी सिएटलच्या भागात, त्या वर्षी त्याच्याइतके आरबीआय कुणाचेच नव्हते. गिलिकनाही याची कल्पना नसणार. नियोजनाला इतकं श्रेय देऊ नये. काही वेळा लॉटरीही लागते.

९०७ आणि ७८०, ९२७ आणि ६२७

आता मोसमाचा ताळेबंद. २०००मध्ये सिएटलने ९०७ धावा केल्या आणि ७८० दिल्या. विजय ९१. २००१मध्ये केल्या ९२७, दिल्या ६२७.

हे चार आकडे मी पहिल्यांदा शेजारी-शेजारी मांडले तेव्हा वाटलं, प्रकरण इथेच सुटलं. केलेल्या धावा जेमतेम वीसने वाढल्या आणि दिलेल्या मात्र १५३ने घटल्या! म्हणजे सगळी करामत पिचर आणि क्षेत्ररक्षकांची, बॅटरांचा गाजावाजा उगीच.

पण २००१मध्ये अमेरिकन लीगभर धावांचा ओघच आटला होता. पंचांनी नियमपुस्तकातला उंच स्ट्राइक, म्हणजे उंचावरून गेलेला पण बॅटरच्या विरोधात मोजायचा चेंडू, काटेकोरपणे द्यावा असा आदेश त्या वर्षी निघाला होता. आदल्या वर्षी लीगमधला संघ सामन्याला सरासरी ५.३ धावा करत होता, या वर्षी सुमारे ४.८६. म्हणजे आठ टक्क्यांची घट. आदल्या वर्षीचे आकडे त्या प्रमाणात उतरवले तर ९०७च्या होतात साधारण ८३२ आणि ७८०च्या ७१५. आता तुलना करा. सिएटलने अपेक्षेपेक्षा ९५ धावा जास्त केल्या आणि ८८ कमी दिल्या. सुधारणा दोन्ही बाजूंनी, आणि जवळपास सारखी. खेळपट्टी न बघता दोन शतकांची तुलना करू नये हे क्रिकेटवाल्याला कळतं; मला इथे ते उशिरा सुचलं.

बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचा एक साधा नियम बेसबॉलमध्ये सर्रास वापरतात : केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. ९२७चा वर्ग ८,५९,३२९. ६२७चा वर्ग ३,९३,१२९. भागाकार येतो ०.६८६. त्याला १६२ने गुणलं की १११. म्हणजे निव्वळ धावांच्या जोरावर हा संघ १११ सामने जिंकायला हवा होता, जिंकला ११६. वरचे पाच विजय काही नशिबाचे आणि काही शेवटच्या दोन-तीन डावांत आघाडी जपणाऱ्या पिचरांचे. नशीब पूर्ण वजा केलं तरी संघ शंभराच्या बराच पुढे राहतो, हे महत्त्वाचं.

महिन्यांचा हिशोबही बघा. एप्रिलमध्ये २० विजय, ५ पराभव. त्यानंतर एकाही महिन्यात दोन आकडी पराभव नाहीत. मेच्या अखेरीस सुरू झालेली सलग १५ विजयांची माळ जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तुटली, पण गट तोवर जवळजवळ मिटला होता. घरच्या मैदानावर ५७ विजय, बाहेर ५९. सेफको फील्ड पिचरांना धार्जिणं मैदान, तिथे पाहुणे अडखळत असतील असा संशय कुणी घेईल. परमुलखातले ५९ विजय तो पुसून टाकतात.

इचिरो, आणि इचिरोच्या मागचे

इचिरो सिएटलला आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि जपानमध्ये सलग सात वर्षं फलंदाजीच्या सरासरीत पहिला आला होता. तरीही अंगाने सडपातळ, चेंडू तटवून पळणारा हा माणूस अमेरिकी पिचरांपुढे टिकेल का, याबद्दल बऱ्याच जणांना शंका होती. त्याला जर्सी मिळाली ५१ क्रमांकाची, म्हणजे रँडी जॉन्सनची.

११ एप्रिलला ओकलंडमध्ये, मोसम जेमतेम दहा दिवसांचा असताना, एक प्रसंग घडला. ओकलंडचा टेरेन्स लाँग पहिल्या बेसवर होता. रामोन हर्नांडेझने राइट फील्डमध्ये सरळ फटका मारला. अशा फटक्यावर पहिल्यावरचा धावणारा तिसऱ्या बेसपर्यंत जाणारच, हे गृहीतच धरलेलं असतं. इचिरोने पुढे धावत येऊन चेंडू उचलला आणि फेकला. चेंडू जमिनीला समांतर, मधे कुठेही टप्पा न घेता, तिसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये शिरला. लाँग घसरत आला तो थेट त्या ग्लोव्हमध्येच. तक्त्यात याची नोंद एक असिस्ट, म्हणजे बाद करण्यात मदत. पण त्यानंतर इचिरोच्या दिशेने फटका गेला की किती जण दुसऱ्या बेसवरच थांबले असतील, त्याचा रकाना कुठे नाही.

मोसमाअखेर इचिरोच्या नावावर २४२ हिट, म्हणजे बेसवर सुखरूप पोहोचवणारे फटके. पदार्पणाच्या मोसमात इतके हिट मेजर लीगमध्ये दुसऱ्या कुणाचे नाहीत, आणि १९३०नंतर कुठल्याही खेळाडूने तेवढे केले नव्हते. सरासरी ०.३५०, चोरलेले बेस ५६, स्वतः पळून काढलेल्या धावा १२७. सर्वोत्तम नवोदित आणि सर्वांत मौल्यवान खेळाडू हे दोन्ही किताब एकाच वर्षी मिळवणारा १९७५च्या फ्रेड लिननंतरचा तो दुसराच.

दुसऱ्या किताबावर मात्र माझं मत जरा वेगळं आहे. मतमोजणीत इचिरोला २८९ गुण मिळाले आणि ओकलंडच्या जेसन जिआंबीला २८१. जिआंबीचे ३८ होम रन, १२० आरबीआय आणि १२९ वॉक. वॉक म्हणजे पिचरने चार चेंडू स्ट्राइक झोनच्या बाहेर टाकल्यामुळे फुकट मिळालेला पहिला बेस. क्रिकेटमध्ये वाइडचं श्रेय फलंदाजाला देत नाहीत, त्यामुळे आपल्याला वॉकची किंमत पटकन कळत नाही. पण बेसबॉलमध्ये सगळा खेळ बाद न होण्याचा आहे. डावात बाद व्हायचे तीनच. बेसवर पोहोचण्याचं प्रमाण जिआंबीचं ०.४७७, इचिरोचं ०.३८१. इचिरोने अख्ख्या मोसमात वॉक घेतले फक्त ३०. माझं मत असतं तर जिआंबीला गेलं असतं. इचिरोच्या पळण्याला आणि त्या हाताला हवे तेवढे गुण देऊनही.

मग सिएटलच्या धावा आल्या कुठून? इचिरोच्या मागे जे येत होते त्यांच्याकडे बघा. एडगर मार्टिनेझ, वय ३८, क्षेत्ररक्षण न करता फक्त बॅटिंग करणारा. ०.३०६ सरासरी, २३ होम रन, ११६ आरबीआय, आणि बेसवर पोहोचण्याचं प्रमाण ०.४२३. जॉन ओलेरुड, ०.३०२, त्याचं प्रमाण ०.४०१, वॉक ९४. ही दोन माणसं चेंडू सोडण्यात पटाईत होती. इचिरो पहिल्या बेसवर थयथय करत उभा, पिचरचं अर्धं लक्ष त्याच्याकडे, आणि समोर न हलणारे एडगर आणि ओलेरुड. मधे बूनची बॅट. मार्क मॅकलेमोरला तर ठरलेली जागाच नव्हती. जो थकेल त्याच्या जागी तो उभा राहायचा, आणि त्यानेही ३९ बेस चोरले. जुलैमधला ऑल स्टार सामना योगायोगाने सिएटललाच होता आणि त्यात यजमानांचे आठ खेळाडू होते.

३८ वर्षांचा मध्यमगती

जेमी मोयरचा वेगवान चेंडू ताशी १३० किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडे त्याला मध्यमगतीच म्हणतील, आणि बेसबॉलमध्ये तर त्या वेगाने कॉलेजचं पोरही फारसं घाबरत नाही. वय ३८. मोसमाअखेर त्याचे २० विजय आणि ६ पराभव. फ्रेडी गार्सिया १८-६, आणि त्याचा ईआरए, म्हणजे नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, ३.०५. अमेरिकन लीगमध्ये तो सर्वांत कमी. पॉल अ‍ॅबट १७-४, आरन सीली १५-५.

अ‍ॅबटचा ईआरए होता ४.२५, म्हणजे लीगच्या मानाने मधलाच. तरी १७-४! पिचरच्या विजय-पराभवाच्या रकान्यावर विश्वास का ठेवू नये, याचं उदाहरण हवं असेल तर हे घ्या. तो टाकत असताना संघ धावांचा पाऊस पाडत होता आणि मागे कॅमेरॉन, इचिरो चेंडू गिळत होते.

मोयर आणि असे पिचर बॅटरला चुकवत नाहीत, त्याला चेंडू मारू देतात. मारलेला चेंडू कुणीतरी पकडावा लागतो. मोठं मैदान, समुद्राकाठची जड हवा, सेंटर आणि राइटला दोन गोल्ड ग्लोव्ह : या पिचरांना याहून बरी जागा मिळाली नसती. आणि सातव्या डावानंतर आघाडी असली तर आर्थर ऱ्होड्स (८-०, ईआरए १.७२), नेल्सन आणि शेवटी काझुहिरो सासाकी, ज्याने ४५ वेळा निसटती आघाडी शेवटपर्यंत राखली.

५ ऑगस्ट, क्लीव्हलंड

इतक्या घट्ट यंत्रातही एक रात्र अशी येते. तीन डावांनंतर सिएटल १२-०. सहा डावांनंतर १४-२. मॅनेजर लू पिनेला यांनी इचिरो, एडगर, ओलेरुडला बसवलं. कुणीही बसवलं असतं. सातव्या डावात क्लीव्हलंडने तीन धावा काढल्या, आठव्यात चार. १४-९. नवव्या डावात आणखी दोन, १४-११. मग दोन बाद, बेस भरलेले, तीन बॉल-दोन स्ट्राइक, म्हणजे आणखी एक स्ट्राइक आणि सामना संपला, समोर सासाकी. ओमार व्हिझकेलने फटका राइट फील्डच्या कोपऱ्यात मारला, तिघं आत आले. १४-१४. अकराव्या डावात जोल्बर्ट कॅब्रेराच्या फटक्यावर केनी लॉफ्टन धावत आला आणि १५-१४. बारा धावांची पिछाडी भरून काढण्याचा प्रकार मेजर लीगच्या इतिहासात त्याआधी दोनदाच झाला होता, १९११ आणि १९२५मध्ये.

४६ पराभवांतला हा एक. तक्त्यात त्याचं वजन इतर पंचेचाळीसांइतकंच.

११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सामने जवळपास आठवडाभर बंद राहिले. पुन्हा सुरू झाल्यावर सिएटलने घरच्या मैदानावर गट जिंकला. शॅम्पेन उडवली नाही. खेळाडू मैदानाच्या मध्यावर गुडघे टेकून बसले, मग मॅकलेमोर आणि कॅमेरॉन झेंडा घेऊन मैदानभर फिरले, बाकीचे मागे.

ऑक्टोबर

प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, पहिली गाठ पुन्हा क्लीव्हलंडशी, पाच सामन्यांची. सिएटल ती ३-२ अशी जिंकलं, पण पाच सामन्यांतल्या धावा बेरजेत १६ विरुद्ध २६, कारण तिसरा सामना ते २-१७ असा हरले होते. इचिरोने २० वेळांत १२ हिट मारले, आणि मोयरने दुसरा व पाचवा सामना जिंकून दिला. गियेन मालिकेत नव्हताच. सप्टेंबरअखेर त्याला फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचं निदान झालं होतं. रॉड्रिगेझच्या जागेवर आलेल्या माणसाची जागाही अशी ऐन वेळी रिकामी झाली.

मग यँकीज, सात सामन्यांची मालिका. घरच्या मैदानावर दोन सामने, २-४ आणि २-३. हे हरल्यावर पिनेला यांनी पत्रकारांना ठणकावून सांगितलं की सहावा सामना खेळायला आम्ही सिएटलला परत येऊ. न्यू यॉर्कमध्ये तिसरा सामना १४-३ असा जिंकलाही. चौथा मात्र जिव्हारी लागणारा. अ‍ॅबटने पाच डावांत एकही हिट दिला नाही आणि आठ वॉक दिले. असा पाय घसरत-सावरत केलेला खेळ क्वचितच बघायला मिळतो. आठव्या डावात बूनच्या होम रनने १-०. लगेच बर्नी विल्यम्सने ऱ्होड्सला होम रन मारून बरोबरी साधली, आणि नवव्या डावात अल्फान्सो सोरियानोने सासाकीचा चेंडू उजव्या कुंपणापलीकडे टाकला. ३-१. ज्या दोघांनी मोसमभर आघाड्या जपल्या तेच दोघं, एकामागून एक.

ऑक्टोबरात सिएटल कच खाल्लं असं सरसकट म्हणतात. मला हा आरोप पटत नाही, आणि याचं कारण गणितात आहे. समजा, तगड्या प्रतिस्पर्ध्यासमोरही तुमचा संघ दहातले सहा सामने जिंकतो, जे फार मोठं प्रमाण झालं. पाच सामन्यांची मालिका जिंकायची त्याची शक्यता ६८ टक्के, सात सामन्यांची ७१. विजेता व्हायला एक छोटी आणि दोन मोठ्या मालिका लागतात. तिन्हींचा गुणाकार केला की उरतात ३४ टक्के. म्हणजे इतका वरचढ संघही तीनपैकी दोनदा रिकाम्या हाताने घरी जायचा. १९०६च्या कब्जचंही हेच झालं होतं. ११६ सामने जिंकून ते वर्ल्ड सिरीज आपल्याच शहरातल्या व्हाइट सॉक्सकडून हरले. आणि २०२३मध्ये सलग दहा सामने जिंकून अहमदाबादच्या अंतिम सामन्यात काय झालं ते आपल्याला कुणी सांगायला नको.

एवढं म्हणून एक गोष्ट कबूल करतो. यँकीजविरुद्धच्या पाच सामन्यांत सिएटलच्या २२ धावा, त्यातल्या १४ एकाच सामन्यात. उरलेल्या चार सामन्यांत आठ. शक्यतेच्या गणिताने हेही समजावता येतं, पण चांगले पिचर समोर असले की वॉक मिळत नाहीत आणि वॉकवर उभा असलेला संघ आधी तिथेच अडतो, हेही तितकंच खरं. इचिरोला या मालिकेत १८ वेळांत चारच हिट मिळाले.

पाचवा सामना २२ ऑक्टोबरला, यँकी स्टेडियममध्ये. सिएटल ३-१२ असं हरलं. सहावा सामना झालाच नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये यँकीजना अ‍ॅरिझोनाने हरवलं. त्यातले तीन विजय रँडी जॉन्सनच्या नावावर लागले. अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझने त्या मोसमात टेक्साससाठी ५२ होम रन मारले आणि त्याचा संघ ८९ सामने हरून गटात शेवटचा आला.

सिएटलने २००२ आणि २००३मध्ये प्रत्येकी ९३ सामने जिंकले, दोन्ही वेळा प्लेऑफ हुकली. पुढची प्लेऑफ उजाडली ती २०२२मध्ये. इचिरो तोवर निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. सिएटलच्या जर्सीत तो प्लेऑफचा शेवटचा सामना खेळला, तो २२ ऑक्टोबर २००१चाच.